कंपनीने कॉलेजात येऊन काय शिकवावे?

जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास मुंबईतल्या कुठल्याही वाणिज्य किंवा कला महाविद्यालयाचा सूचनाफलक पाहिला, तर तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी एखाद-दुसऱ्या कंपनीच्या कार्यशाळेचे पत्रक तेथे हमखास लावलेले असते. ‘कॉर्पोरेट रेडीनेस’, ‘इंडस्ट्री कनेक्ट’, ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ अशी या कार्यशाळांची नावे असतात. सभागृह महाविद्यालयाचे, वक्ते कंपनीच्या मनुष्यबळ विभागातले आणि शेवटी सर्वांना प्रमाणपत्र, असा त्यांचा ठरलेला साचा आहे. नोकरी देणाऱ्याने नोकरीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलांशी येऊन बोलावे, यात वावगे काहीच नाही. उलट ते अधिक व्हायला हवे. मात्र काम प्रत्यक्षात कसे चालते, चुका कुठे होतात, त्या चुकांची किंमत कोण मोजतो आणि पगार कसा ठरतो, हे जे फक्त नोकरी देणाऱ्यालाच ठाऊक असते, तेवढे वगळून तो बाकी सगळे शिकवून जातो, अशी माझी तक्रार आहे. वाणिज्य शाखेत शिकवताना आणि प्लेसमेंट सेलचे काम सांभाळताना ही तक्रार दरवर्षी थोडी अधिक पक्की होत गेली आहे.

एका कार्यशाळेचे वर्णन नमुन्यादाखल करतो. तिची निवड एवढ्याचसाठी, की तिच्यात वेगळे असे काही नव्हते. उपनगरातील महाविद्यालय, दुपारी दीडची वेळ, शंभर-सव्वाशे मुले. एका वित्तसेवा कंपनीचे दोन अधिकारी आले होते. पहिला पाऊण तास कंपनीची ओळख करून देण्यात गेला: किती शहरांत शाखा आहेत, कोणती पारितोषिके मिळाली आणि सहलीला गेलेले कर्मचारी किती आनंदात असतात. पुढचा तासभर हस्तांदोलन किती घट्ट असावे, बोलताना नजर कुठे ठेवावी आणि मुलाखतीला जाताना मोजे कोणत्या रंगाचे असावेत, यावर खर्च झाला. मग एकेकाला उभे करून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला सांगितले गेले. एका मुलीने ‘मायसेल्फ’ने सुरुवात करताच तिला तिथेच थांबवून तिची चूक साऱ्या सभागृहाला समजावून सांगण्यात आली आणि त्यानंतर मागच्या रांगांतून एकही हात वर झाला नाही. शेवटी एका मुलाने विचारले, की तुमच्याकडे नव्याने रुजू झालेल्या माणसाला पहिल्या महिन्यात दिवसभर नेमके काय काम असते? ते ‘रोल’वर अवलंबून असते, असे उत्तर मिळाले. सबंध दुपारी कामाविषयी विचारला गेलेला तो एकमेव प्रश्न होता आणि त्याचेच उत्तर त्या अधिकाऱ्यांपाशी नव्हते. किंवा असले तरी ते देण्याची मुभा त्यांना नसावी.

असे का होते, हे समजण्यासाठी दोन्ही बाजूंची गरज काय आहे, ते पाहावे लागते. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य आणि त्यांची प्रगती हा स्वतंत्र निकष आहे. सॉफ्ट स्किल्स, भाषा व संवादकौशल्य, संगणक कौशल्य यांसाठी घेतलेले उपक्रम, करिअर मार्गदर्शन आणि प्लेसमेंट यांच्या नोंदी त्याखाली द्याव्या लागतात. उद्योगांशी केलेल्या सामंजस्य करारांचीही दखल याच मूल्यांकनात घेतली जाते. त्यामुळे कार्यशाळा झाली, की हजेरीपट, जिओटॅग केलेली, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेली, छायाचित्रे, फीडबॅक फॉर्मचा गोषवारा आणि दोन पानी अहवाल अशी फाइल तयार होऊन आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाकडे, जाते. फोटोत बॅनरवरची तारीख स्पष्ट वाचता येते ना, याची जेवढी काळजी आम्ही घेतो, तेवढी वक्ता काय बोलणार आहे याची घेत नाही, हे कबूल केले पाहिजे. आणि तो फीडबॅक फॉर्म! प्रमाणपत्र मिळण्याआधी भरून घेतलेल्या त्या फॉर्मवर ‘अत्युत्तम’ सोडून दुसरी खूण करणारा विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही.

कंपनीचाही हिशेब असतोच. कंपनी कायदा 2013च्या कलम 135नुसार 500 कोटी रुपयांचे निव्वळ मूल्य, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावे लागतात आणि त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत रोजगारक्षमता वाढवणाऱ्या कौशल्यशिक्षणाचा समावेश आहे. सगळ्याच कार्यशाळा या खात्यातून होतात असे मात्र नाही. काही भरतीच्या, तर काही सरळसरळ जाहिरातीच्या खात्यातून होतात. खाते कोणतेही असो, किती महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचलो, हा आकडा वर्षअखेरीस वर पाठवायचा असतो. सभागृह भरले, की दोन्ही बाजूंचे काम भागते. मुले काय घेऊन गेली, हे तपासण्याची गरज कोणालाच उरत नाही.

वेगळे काही होऊ शकते का? होऊ शकते, आणि त्याला फारसा खर्चही लागत नाही. न्हावा-शेवाचे बंदर 1989 साली सुरू झाल्यापासून आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करणाऱ्या लहान-मोठ्या संस्थांचे जाळे मुंबई, नवी मुंबई आणि उरण-पनवेलच्या पट्ट्यात पसरले आहे. अशाच एका कस्टम ब्रोकरच्या कार्यालयातील गृहस्थ आमच्या मुलांसाठी आले होते. ते मनुष्यबळ विभागातले नव्हते, रोज कागदपत्रे तयार करणारे होते, आणि बोलण्याचा त्यांना सराव नव्हता हे पहिल्याच वाक्यात कळले. त्यांनी ग्राहकाचे नाव काळ्या शाईने पुसलेल्या एका जुन्या निर्यात-फाइलच्या छायाप्रती आणल्या होत्या: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलाचा, म्हणजे निर्यातीसाठी कस्टमकडे भरायच्या अर्जाचा, मसुदा. चार-चार जणांच्या गटाला एकेक संच देऊन त्यांनी एवढेच सांगितले, की यात तीन चुका आहेत, शोधा.

पंधरा-वीस मिनिटे सभागृहात कुजबुज आणि कागदांची सळसळ, याखेरीज काही ऐकू येत नव्हते. पॅकिंग लिस्टमधील एकूण वजन आणि शिपिंग बिलातील वजन जुळत नाही, हे बहुतेक गटांना सापडले. इन्व्हॉइसवर विक्रीची अट एफओबी (किमतीत जहाजाचे भाडे व विमा नाही) असताना मसुद्यात सीआयएफ (दोन्ही धरून) लिहिले आहे, हे दोनच गटांच्या लक्षात आले. मालाचा आठ अंकी वर्गीकरण संकेतांक चुकीचा आहे, हे कोणालाच कळले नाही, आणि ते कळण्याजोगे नव्हतेही. मग त्या गृहस्थांनी प्रत्येक चुकीपायी पुढे काय घडते ते सांगितले: माल कुठे अडकतो, जहाज कसे चुकते, कंटेनर पडून राहिला तर त्याचे भाडे कोणाच्या माथी बसते आणि ऑफिसात फोन कोणाला येतो. मराठी-हिंदीची सरमिसळ करत बोलणाऱ्या त्या माणसाने काटेकोरपणा, जबाबदारी किंवा सांघिक काम यांतला एक शब्दही उच्चारला नाही, पण मुलांनी तिन्ही गोष्टी दीड तास करून पाहिल्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याभोवती घोळका जमला होता आणि त्यातले प्रश्न सगळे कामाचे होते.

ज्या क्षेत्रांत आमच्या वाणिज्य शाखेच्या मुलांना खरोखर नोकऱ्या मिळतात, त्या सगळ्यांत असा कच्चा माल पडलेला आहे. 1 जुलै 2017ला जीएसटी लागू झाल्यापासून प्रत्येक कर-सल्लागाराच्या कार्यालयात महिन्याचे वेळापत्रक ठरून गेले आहे: मासिक विवरण भरणाऱ्या व्यापाऱ्याचे जीएसटीआर-1 (विक्रीचे विवरण) 11 तारखेपर्यंत, 14ला जीएसटीआर-2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) उपलब्ध, 20पर्यंत जीएसटीआर-3बी (कर भरण्याचे गोषवारा-विवरण). खरेदीची नोंदवही आणि 2बी यांचा मेळ घालणे हे त्यातले सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. पुरवठादाराने आपल्या विवरणात बिल दाखवलेच नाही किंवा क्रमांकातला एक आकडा चुकवला, तर ग्राहकाचे कर-श्रेय, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकते. पन्नास ओळींची एक एक्सेल शीट देऊन मुलांना हा मेळ घालायला लावणे कोणत्याही सीए फर्मला एका दुपारी जमण्यासारखे आहे. विमा कंपनी एक नाकारलेला दावा घेऊन येऊ शकते, बँक एक अपुरा केवायसी अर्ज आणू शकते आणि कॉल सेंटरला एका चिडलेल्या ग्राहकाचे, नाव-पत्ता वगळलेले, संभाषण ऐकवता येईल. गोपनीयतेचा मुद्दा खरा आहे, पण काळ्या शाईची एक बाटली तो बऱ्याच अंशी सोडवते.

नोकरीच्या अटी ही दुसरी गोष्ट. तिच्याविषयी मालकाइतके अचूक कोणीच सांगू शकत नाही आणि मालक सोडून बाकी सगळे तिच्यावर बोलतात. वार्षिक 2 लाख 40 हजारांचे पॅकेज म्हणजे महिन्याला 20 हजार हातात, असे समजून घरी पेढे वाटणारी मुले दरवर्षी दिसतात. मूळ वेतन 12 हजार धरले, तर भविष्य निर्वाह निधीत कर्मचाऱ्याचे 12 टक्के म्हणजे 1440 रुपये कापले जातात आणि मालकाचे तेवढेच 1440 रुपये बहुधा त्या 20 हजारांतच धरलेले असतात. कर्मचारी राज्य विम्यात कर्मचाऱ्याच्या वर्गणीबरोबर मालकाचा 3.25 टक्के वाटाही अनेकदा त्याच आकड्यात मोजला जातो. व्यवसाय कर महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. महाराष्ट्रात 25 हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना तो माफ आहे, हे मुलींनाच काय, पुष्कळदा आम्हा शिक्षकांनाही ठाऊक नसते. प्रत्यक्ष हातात 16 हजारांच्या आसपास येतात. त्यातून डोंबिवली किंवा विरारहून यायचा पास, जेवण आणि घरी द्यायचे पैसे वजा करून ती नोकरी परवडते का, हा निर्णय मुलाला रुजू होण्यापूर्वी घेता आला पाहिजे. कंपनीने स्वतःचीच एक पगारपत्रिका फळ्यावर लावून तिच्यातली प्रत्येक ओळ समजावली, तर तो तासाभराचा सर्वोत्तम पाठ ठरेल.

बाँडचेही असेच आहे. ठरावीक काळ नोकरी न केल्यास रक्कम भरण्याच्या अटीला न्यायालये सरसकट बेकायदा ठरवत नाहीत. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025मध्ये तीन वर्षांच्या सेवेची किंवा 2 लाख रुपयांची अट वैध मानली. ती सार्वजनिक बँक होती आणि अधिकाऱ्याची भरती खर्चिक परीक्षेतून झाली होती, हा संदर्भ महत्त्वाचा आहे. परंतु ‘बाँडला काही अर्थ नसतो, बिनधास्त सही कर’ हा कॅन्टीनमधला सल्ला किती धोक्याचा आहे, हे त्यातून कळते. बाँड लिहून घेणाऱ्या कंपनीनेच आपल्या बाँडचा अर्थ सही घेण्याच्या बऱ्याच आधी कॉलेजात येऊन सांगावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

आता सॉफ्ट स्किल्सबद्दल. ती निरुपयोगी आहेत, असे माझे म्हणणे नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला इंग्रजीत चार वाक्ये धीटपणे बोलता आली, तर तिचे दरवाजे उघडतात, हे मुंबईत कोण नाकारेल? परंतु ते काम तीन वर्षांचे आहे, ते महाविद्यालयाचे आहे आणि त्यासाठी तिला आधी चुका करायला मोकळी जागा लागते. भरसभेत तिचे वाक्य दुरुस्त करणाऱ्या पाहुण्याने ती जागा दोन मिनिटांत नष्ट केली. शिवाय ज्या नोकऱ्यांसाठी ही मुले जाणार आहेत, त्यांपैकी किती तरी ठिकाणी समोरचा ग्राहक मराठी किंवा हिंदी बोलणारा असतो. मुदत ठेव मोडल्यास व्याज कसे कापले जाते, हे लालबागच्या सत्तरीतल्या आजींना मराठीत नीट समजावून सांगणे हेही संवादकौशल्यच आहे, पण त्याची कार्यशाळा मी अजून पाहिलेली नाही.

कंपन्यांच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो आणि तो कच्चा नाही. सर्वत्र उपयोगी पडणारे कौशल्य आम्ही आमच्या खर्चाने शिकवले आणि तो मुलगा सहा महिन्यांत शेजारच्या कंपनीत गेला, तर आमचा पैसा वाया गेला. मग आम्ही का शिकवावे? म्हणूनच सर्वसाधारण शिक्षणाचा खर्च समाजाने, म्हणजे सरकारने आणि विद्यार्थ्याने, उचलावा, असा अर्थशास्त्रातला जुना सिद्धांत आहे. तो मान्य केला, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष आजच्या कार्यशाळांच्या विरोधातच जातो. त्या सिद्धांताप्रमाणे कंपनीने आपल्या कामाचे विशिष्ट ज्ञान द्यायला हवे. प्रत्यक्षात ती हस्तांदोलन शिकवते, जे कुठेही चालते, आणि विशिष्ट ज्ञान मात्र रुजू झाल्यावर, कमी पगाराच्या ‘प्रशिक्षण कालावधी’त देते.

सरकारनेही हा भार वाटून घेण्याचे मार्ग काढलेले आहेत. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961पासून आहे; त्याखालील नियमांनुसार 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे आणि 2019च्या दुरुस्तीने पदवीधरांचे किमान विद्यावेतन 9 हजार रुपये ठरवले. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत 2024पासून पदवीधराला महिना 10 हजार रुपये सरकारी तिजोरीतून मिळू लागले. केंद्राची 500 मोठ्या कंपन्यांसाठीची प्रधानमंत्री इंटर्नशिप योजनाही त्याच वर्षी आली. कॉलेजात येणाऱ्या कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे, की या तरतुदींखाली तुम्ही किती मुले घेतली आणि आमच्यातली किती घेणार? मी हा प्रश्न विचारू लागल्यापासून काही कंपन्यांचे फोन येणे थांबले आहे. त्याचे वाईट वाटत नाही.

या शहराला हे नवे नाही. 1887 साली भायखळ्यात व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची माटुंग्याची व्हीजेटीआय, उभी राहिली ती गिरण्यांना प्रशिक्षित माणसे हवी होती म्हणून. आणि दिनशॉ पेटिट यांच्यासारख्या गिरणीमालकाने तिला हातभार लावला. त्या मालकांना कामगारांचा फार कळवळा होता, असे गिरणगावचा इतिहास वाचलेला माणूस म्हणणार नाही. त्यांचा स्वार्थ स्पष्ट होता, पण त्या स्वार्थातून संस्था उभी राहिली, कार्यशाळेत यंत्रे आली, शिक्षक नेमले गेले. आजच्या स्वार्थाला एक बॅनर आणि दोन तासांचे सभागृह पुरते, ते आम्हीच ते फुकट देतो म्हणून.

कार्यशाळेच्या वेळेचा प्रश्न मला सर्वांत अधिक खटकतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. मुंबईतील अनेक वाणिज्य महाविद्यालये सकाळी सातला सुरू होतात आणि साडेअकरा-बाराला मुले बाहेर पडतात, त्यामागे एक कारण हे आहे, की पुष्कळ मुले दुपारी काम करतात: सीएच्या ऑफिसात, औषधाच्या दुकानात, मोबाइलच्या काउंटरवर, मॉलमध्ये, घरोघरी सामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांत. दुपारी दीडच्या कार्यशाळेला ही मुले येऊ शकत नाहीत. आली तर त्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणजे ज्यांनी व्यावसायिक जगात आधीच पाय ठेवला आहे, तेच व्यावसायिकतेच्या पाठाला गैरहजर आणि त्यांच्या नावापुढे प्रमाणपत्र नाही. दुकानात रोज रात्री गल्ला जुळवून घरी जाणाऱ्या मुलाच्या रेझ्युमेवर ते काम बहुधा नसते, कारण ते सांगण्यासारखे आहे असे त्याला कोणी सांगितलेले नसते. कंपनीच्या माणसाने अशा दहा मुलांशी बसून त्यांच्या कामाचे वर्णन रेझ्युमेत कसे मांडावे, एवढेच दाखवले, तरी शंभर जणांपुढच्या भाषणापेक्षा ते अधिक ठरेल.

नव्या अभ्यासक्रमाने ही सगळी चर्चा तातडीची केली आहे. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा पदवी अभ्यासक्रम 2024-25पासून पहिल्या वर्षाला लागू झाला आणि त्यात तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण, म्हणजे ओजेटी, चार श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) ठेवलेले आहे. श्रेयांकामागे 30 तास धरले, तर प्रत्येक विद्यार्थ्याचे 120 तास होतात. एकेका महाविद्यालयातील शेकडो मुलांना एवढ्या तासांचे खरे काम कोण देणार? मोठ्या कंपन्यांच्या चार-दोन जागांवर हे भागणार नाही, आणि जेथे जागा मिळणार नाही तेथे ओळखीच्या दुकानदाराचा शिक्का घेऊन तास जुळवले जातील, ही भीती काल्पनिक नाही. या गरजेपोटी आम्ही कंपन्यांपुढे आणखी हात जोडून उभे राहू, की आमच्याकडे येण्याच्या काही अटी ठेवू, हे आताच ठरवायचे आहे.

माझ्या मते सामंजस्य करारावर सही करण्यापूर्वी महाविद्यालयाने लेखी मागावे ते असे. कार्यशाळेत प्रत्यक्ष काम करणारा किमान एक कर्मचारी असेल, त्याचे पद कोणतेही चालेल. खऱ्या कामाचा एक नमुना मुलांच्या हातात दिला जाईल. पगारपत्रिका आणि नियुक्तीच्या अटी दाखवल्या जातील. त्या वर्षी ओजेटीसाठी किंवा शिकाऊ उमेदवारीसाठी किती जागा देणार, त्याचा आकडा, शून्य असला तरी, करारात लिहिला जाईल. आपल्या बाजूने महाविद्यालयाने वेळ सकाळच्या तासिकांत द्यावी आणि ती 75 टक्के हजेरीच्या हिशेबात धरावी. फीडबॅक प्रमाणपत्रानंतर, नावाशिवाय घ्यावा.

अशा अटी घातल्या तर लहान महाविद्यालयांकडे कोणी फिरकणारच नाही, हा आक्षेप मला प्राचार्यांच्या बैठकीत ऐकावा लागला आहे आणि त्यात तथ्य आहे. फोर्ट-चर्चगेटच्या नामांकित महाविद्यालयाला अटी घालणे परवडते. गोवंडीच्या किंवा नालासोपाऱ्याच्या महाविद्यालयाला कंपनीचा फोन आला हेच अप्रूप असते. यावर उपाय एकेकट्याने शोधण्यात अर्थ नाही. एकाच रेल्वेमार्गावरील पाच-सहा महाविद्यालयांनी एकत्र येऊन एक समान करार करावा, कार्यशाळा आळीपाळीने प्रत्येकाकडे घ्याव्यात आणि सर्व महाविद्यालयांच्या मुलांना त्या खुल्या ठेवाव्यात. कंपनीलाही एका खेपेत पाच महाविद्यालयांची मुले भेटतात, तेव्हा तिलाही हा सौदा तोट्याचा नाही. अडचण आहे ती अहवालाची, कारण एकाच कार्यशाळेची नोंद पाच महाविद्यालयांनी आपापल्या फाइलीत कशी दाखवायची, यावर त्या बैठकीत तास गेला आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.